तुम्ही विचारलंत म्हणून : भीती कशाची वाटते?

‘तुम्ही एकट्याच बर्फात डोंगर चढायला जाता, भीती कशाची वाटते?’ विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं: जनावर, वाट चुकणं, नाहीतर हिमस्खलन. मी ‘घामाची’ म्हटलं की मी थट्टा करतेय असं त्यांना वाटतं.

थट्टा नाही. मी चढते ती स्नोशूज घालून, म्हणजे बुटाखाली रुंद चौकट बांधून. वजन पसरतं, म्हणून मांडीपर्यंत रुतायच्या जागी पाय नडगीपर्यंतच रुततो. पण ताज्या भुसभुशीत बर्फात तेवढंही पुष्कळ झालं. गटात पुढचा दमला की मागे येतो, दुसरा वाट तुडवायला पुढे होतो. माझी पाळी घ्यायला कोण आहे? उणे दहा अंशांतही थोड्या वेळात पाठ भिजते, आणि चालतोय तोवर ते कळतसुद्धा नाही. थांबलं की कळतं. पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि ओला बनियन म्हणजे अंगाला चिकटलेलं पाणीच.

म्हणून निघताना मला थोडी थंडी वाजलीच पाहिजे. अंगात लोकरीचा पातळ थर, त्यावर वारा अडवणारं विंडचीटर, जाड जाकीट सॅकमध्ये. सुती काही नाही, ते भिजलं की वाळायचं नाव घेत नाही. चाल इतकी सावकाश की पूर्ण वाक्य बोलता यावं. मी खरंच बोलते, मोठ्याने. त्यात स्वतःची खरडपट्टीच जास्त असते.

हे शहाणपण उशिराच आलं. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. ‘दुपारी एकला असेन तिथून परत’ असं निघण्यापूर्वीच कागदावर लिहून मी मैत्रिणीकडे दिलं होतं. साडेबाराला माथा समोर दिसायला लागला आणि मी घाई केली. चढावर पोटऱ्यांना आराम म्हणून स्नोशूजना टाचेखाली एक दांडी असते, ती उभी केली आणि वळणं घ्यायची सोडून सरळ अंगावर आलेला चढ घेतला. वीस मिनिटांत झाडं संपली, धारेवर पोहोचले, वारा लागला. सॅकमधून जाकीट बाहेर काढायचं तर सॅक उतरवायला हवी, आणि छातीवरचं बक्कल सुटेना. बोटं माझी राहिलीच नव्हती. शेवटी हातमोजे दातांनी ओढून काढले, हात काखेत दाबून धरले, पुन्हा प्रयत्न, पुन्हा काखेत. चारेक मिनिटं गेली असतील असं वाटलं. घड्याळात अकरा गेली होती.

एक वाजून गेला होता. माथा आणखी वीस मिनिटांवर. जाकीट चढवलं आणि मागे वळले. चढताना उमटलेली माझी पावलं वाऱ्याने बुजवायला घेतली होती.

हिमस्खलनाची भीती नाही असं नाही, पण ती निघण्यापूर्वी वागवायची भीती आहे. बहुतेक वेळा बर्फाचा थर सुटतो तो 30 ते 45 अंशांच्या उतारावर, म्हणून तसे उतार, आणि त्यांचा पायथासुद्धा, मी नकाशावरच टाळते. ठावठिकाणा कळवणारं यंत्र लोक आवर्जून सुचवतात. पण गाडल्या गेलेल्या माणसाला पंधराएक मिनिटांत बाहेर काढायला वर कुणी शोधणारा हवा ना! एकटीच्या गळ्यात ते यंत्र फार तर नंतर येणाऱ्यांच्या उपयोगाचं. बर्फाचा अंदाज वाईट असला की मी जातच नाही.

त्या दिवशी खाली पोहोचल्यावर आधी बनियन बदलला. मग आतल्या खिशात ऊब देऊन जपलेला फोन काढला, ‘उतरले’ म्हणून मैत्रिणीला कळवलं.

‘माथा झाला?’

‘घाम आला,’ मी म्हटलं.

तिने पुढे काही विचारलं नाही.