खाऱ्या पाण्याच्या टाकीत रेती कोणती आणि किती? वणी तालुक्यातला माझा अनुभव

समुद्री मासे पाळायला घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावायची ठरवली तेव्हा मीठ, पंप, दिवे यांचं लवकर ठरलं. अडलं ते तळाच्या रेतीवर. पंप उद्याही बदलता येतो. रेती एकदा अंथरून तिच्यात जीव वसले, की ती काढायची म्हणजे अख्खी टाकी उपसायची.

गावात कुणालाही विचारा, पहिलं उत्तर वर्धा नदीची रेती. मूठभर आणून धुतली, वाळवली, कागदावर पसरली. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवला. पिशवीला काळी बारीक कणी चिकटली, अंगावर लव उभी राहावी तशी. ही मॅग्नेटाइटची कणी. वरचा सगळा मुलूख काळ्या दगडाचा, नदी तेच घेऊन येते. काच घासायच्या चुंबकाला हे कण लागले की काचेवर ओरखडे उठणार, आणि पंपाचा रोटरही चुंबकाचाच असतो. नदीची रेती तिथेच बाद.

मग चुनखडी. वणी, मुकुटबन, पलीकडे कोरपना-गडचांदूर, आमच्याकडे हा दगड भरपूर. सिमेंट कारखाने त्यावरच चालतात. एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला हा दगड आपल्या टाकीत घालावा, असं मला मनापासून वाटत होतं. व्हिनेगर टाकलं की तो छान फसफसतोही. पण फोडलेल्या खड्यांना धार असते, आणि कुठल्या थरात माती किती, लोह किती, हे घरी कळत नाही.

रामेश्वरला निघालेल्या काकूंनी किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे आणू का, म्हणून फोन केला. त्यांना स्पष्ट नाही म्हटलं. कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि मेलेला तुकडा उचलणंही त्यात येतं. कायदा नसता तरी तो तुकडा तिथलाच.

शेवटी पाकिटातली कोरडी ॲरागोनाइट (चुनखडीसारखंच कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज) रेती मागवली, १ ते २ मिलिमीटर दाण्याची. याहून बारीक रेती पंपाच्या झोतात उडून प्रवाळांवर बसते. जाड भरड्याच्या फटींत खाद्य आणि विष्ठा अडकून सडते. ॲरागोनाइट घातलं की पीएच आपोआप सांभाळला जातो, असं बरेच जण सांगतात. ते फारसं खरं नाही. टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असताना ते जवळजवळ विरघळतच नाही. विरघळलंच तर रेतीच्या आत, जिथे पीएच उतरतो तिथे थोडंफार.

खरा प्रश्न जाडीचा होता. १० ते १५ सेंटीमीटर जाड थराचं मला आकर्षण होतं. वरच्या थरात ऑक्सिजन पोचतो, तिथले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. खाली ऑक्सिजन संपतो, तिथले जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकतात. आपोआप सफाई. वडिलांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "रातभर लाईट गेली त त्या रेतीतल्या जीवाईले हवा कुठून भेटन?"

विचार तिथेच पालटला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, आणि लाईट नेमकी तेव्हाच जाते. पंप थांबला की रेतीतले असंख्य जीव उरलेला ऑक्सिजन माशांच्या आधी ओढून घेतात. जाड थरात हायड्रोजन सल्फाइड साचायची भीती असते ती वेगळीच. सडक्या अंड्याचा तो वास रेती उकरल्यावर आला तर माशांचं काही खरं नाही. नायट्रेटचं काम सच्छिद्र दगडांच्या पोटातही होतं, मग ते दगडांकडेच सोडलं. रेतीच नको, नुसती काच ठेवावी, हाही सल्ला मिळाला. सफाईला ते सोपं, पण मला रेती चाळणारा गोबी मासा आणि नासारियस गोगलगायी पाळायच्या होत्या. त्यांना रेती हवीच.

म्हणून ४ सेंटीमीटर. टाकीचा तळ ९० बाय ४५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १६ लिटर रेती, वजनाने साधारण २४ किलो. १२ सेंटीमीटर घातली असती तर सत्तरच्या वर गेली असती.

रेती बोअरच्या पाण्याने गढूळपणा जाईपर्यंत धुतली, शेवटचं पाणी आरओचं. आधी दगड थेट काचेवर टेकवून बसवले, मग भोवती रेती. रेतीवर दगड ठेवले तर गोबी खाली उकरतो आणि दगड काचेवर कोसळतो. तळाशी ताट ठेवून त्यावर पाणी सोडलं, तरी एक-दोन दिवस टाकी दुधाळच होती. पुढे रेतीवर तपकिरी थर आला. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, नव्या टाकीत येतात आणि आपसूक ओसरतात. त्यासाठी औषध घालू नका.

आता पाणी बदलताना एका वेळी अर्ध्याच भागाची घाण पाइपने ओढतो, उरलेला भाग पुढच्या खेपेला. झोतामुळे मागच्या कोपऱ्यात ढीग साचतो, म्हणून काचेला बाहेरून पट्टी लावून जाडी बघतो. कुठे सहाच्या वर गेली असेल तर दर खेपेला थोडी थोडी सपाट करतो, एकदम नाही.