वाक्यात उपयोग करा

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न ठरलेला असे. इंग्रजीच्या तासाला तोच प्रश्न आम्हाला खऱ्या अर्थाने शिकवला तो आपल्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंनी. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत लिहायचे म्हटल्यावर त्यांच्या त्या तासाबद्दलच लिहावेसे वाटले.

आमच्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. पहिलीपासूनचे इंग्रजी २००० साली आले. त्यामुळे नववीत पोचलो तरी भाषेशी ओळख तशी नवीच होती. गाइडमध्ये वाक्प्रचार, त्याचा अर्थ आणि एक छापील वाक्य असे, आणि ते वाक्य साऱ्या वर्गाच्या वह्यांत सारखेच उतरे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ते बंद केले. त्यांची अट अशी की वाक्यात घर ते शाळा या वाटेवरचे काहीतरी आले पाहिजे. वर्गात मखमलाबाद-आडगावकडच्या द्राक्षबागायतदारांची मुले होती, कुणाचे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये, कुणाचे ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात, कुणाच्या आईची भाजीची पाटी. माझ्या वडिलांचे पंचवटी कारंजाजवळ किराण्याचे दुकान. एवढी सामग्री वर्गात असताना छापील वाक्ये कशाला, असे त्या म्हणत.

सगळ्यांत जास्त दिवस रेंगाळला तो ‘स्ट्राइक अ बॅलन्स’. अर्थ कुणालाही सांगता येत होता: समतोल साधणे, सुवर्णमध्य काढणे. वाक्य मात्र टिकत नव्हते. एकाने अभ्यास आणि कॉपी यांच्यात समतोल साधायचे वाक्य आणले. बाई रागावल्या नाहीत, पण वाक्य परत केले. त्यांचे म्हणणे, या वाक्प्रचाराला दोन्ही बाजू हव्याशा असाव्या लागतात. खरे आणि खोटे यांच्यात समतोल साधायचा नसतो. खरे बोलणे आणि समोरच्याचे मन न दुखवणे यांच्यात साधायचा असतो. मग व्याकरण यायचे. ‘बिट्वीन’ आले की पुढे ‘अँड’च यायला हवे, तिथे ‘टू’ चालत नाही. भूतकाळ ‘स्ट्रक’. आणि समतोल आपोआप साधला जात नाही, कुणीतरी ठरवून तो साधतो, म्हणून वाक्याचा कर्ता विचारपूर्वक निवडायचा.

मग एका मुलीने जे वाक्य आणले, ते आजही मला तोंडपाठ आहे. तिचे काका पाटबंधारे खात्यात होते. ‘इन ऑगस्ट दे स्ट्राइक अ बॅलन्स बिट्वीन स्टोरिंग वॉटर अँड कीपिंग रूम फॉर द फ्लड.’ गंगापूर धरणाचे वाक्य! बाईंनी तिला पुढे बोलावून सगळे समजावून सांगायला लावले. उन्हाळ्यात शहराला प्यायला आणि शेतीला पाणी हवे म्हणून धरण भरून घ्यायचे. पण आधीच काठोकाठ भरले आणि त्र्यंबकच्या डोंगरांत एकदम पाऊस झाला, तर आलेले सगळे पाणी खाली सोडावे लागते. म्हणून आधीपासून थोडे थोडे सोडत जागा ठेवायची. जास्त सोडले आणि पुढे पाऊस रुसला, तर मे महिन्यात नळ कोरडे. आम्ही दर पावसाळ्यात रामकुंडावर पूर बघायला जाणारी मुले. तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कंबरेला पाणी, छातीला पाणी, ही आमची मोजपट्टी. त्या पाण्यामागे कुणीतरी दोन्ही बाजू तोलत असते, हे कळले ते एका इंग्रजी वाक्यामुळे.

आता त्या धरणाचा प्रश्न आणखी अवघड झाला आहे. खाली गोदावरीवरच जायकवाडी धरण आहे, त्या पाण्यावर मराठवाड्याचा हक्क आहे. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र ठरले. दर वर्षी बातम्या वाचताना मला वर्गातले ते वाक्य आठवते, आणि त्याला आता तिसरी बाजू जोडली गेली आहे असे वाटते.

याच कुळातले इतर वाक्प्रचारही झाले. ‘टिप द बॅलन्स’ला दोन्ही पारडी आधी जवळपास सारखी असावी लागतात, तरच लहानशी गोष्ट एक पारडे झुकवते. ‘ऑन बॅलन्स’ बहुधा वाक्याच्या सुरुवातीला, सगळे तोलून झाल्यावर मत सांगताना. ‘हँग इन द बॅलन्स’वर मात्र बाई थांबल्या, कारण मराठीत आपला जीव टांगणीला लागतो, इंग्रजीत त्या गोष्टीचा निकाल टांगणीला लागतो. बागायतदाराच्या मुलाने लिहिले, ‘अवर ग्रेप्स हंग इन द बॅलन्स.’ फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला की तयार मणी तडकतात, घड सडतात, आणि वर्षभराचा खर्च मातीत जातो. इथे ‘हंग’ बरोबर, ‘हँग्ड’ फक्त फाशीसाठी, हे बाईंनी सांगितले, पण त्याआधी त्यांनी विचारले, “बाग वाचली का रे?” वाचली होती.

माझे स्वतःचे वाक्य दुकानातून आले. ‘बॅलन्स’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली दोन पारडी आहेत, म्हणजे तागडीच. पण ‘स्ट्राइक अ बॅलन्स’ आला तो हिशेबाच्या वहीतून. बाईंनी विचारले, “दुकान बंद करताना वडील काय करतात?” मी म्हणाले, “शिल्लक काढतात.” त्या म्हणाल्या, “जुने इंग्रज व्यापारीही तेच करत, आणि त्यालाच हा शब्द वापरत.” तागडी आणि कीर्दवही, दोन्ही मी रोज बघत होते. परक्या भाषेतला एक शब्द आमच्या दुकानात इतका ओळखीचा निघाला, याचा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. त्या रात्री मी वडिलांशेजारी बसून जमा आणि नावे स्वतः मांडले.

पुढे बँकेत लागले. तेव्हा लेजर, म्हणजे खातेवही, हाताने लिहायचे आणि महिनाअखेरीला बॅलन्सिंग, म्हणजे शिल्लक जुळवणे. एका रुपयाचा फरक असला तरी शोधायचा. फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार, पंचेचाळीसचे चौपन्न, हे तिथल्या जुन्या मंडळींनी शिकवले.

द्राक्षपट्ट्यातल्या शाखेत असताना मुख्य कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहायची वेळ आली. कर्जाचा हप्ता अशा महिन्यात येत होता जेव्हा शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. माल निघतो तो साधारण जानेवारी ते एप्रिल. छाटणीच्या दिवसांत तर उलट त्याचाच खर्च असतो. मी मसुद्यात लिहिले की वसुली आणि बागेचा हंगाम यांच्यात समतोल साधणारी तारीख हवी, आणि ते वाक्य ‘वुई नीड टु स्ट्राइक अ बॅलन्स बिट्वीन’नेच सुरू केले. लिहिताना बाईंची कसोटी लावली: दोन्ही बाजू हव्याशा आहेत का? होत्या. वसुलीशिवाय बँक चालत नाही, आणि बागेशिवाय वसुली नाही. वरिष्ठांनी पत्रातला एकही शब्द न बदलता सही केली. हप्त्याची तारीख पुढे गेली.

आजच्या शिक्षकांना एक विनंती करते. वर्गाच्या बाहेर एक फळा या कामासाठी ठेवा आणि दर शनिवारी मुलांची वाक्ये त्यावर लिहू द्या. नाशिकमध्ये विषयांना तोटा नाही. कांद्याच्या निर्यातबंदीच्या वेळी शेतकऱ्याचा भाव आणि गिऱ्हाइकाचा भाव. २०२७ च्या सिंहस्थाला येणारे भाविक आणि गोदावरीचे पात्र. शिकवणी आणि मैदान. कर्ता कोण, बाजू कोणत्या, दोन्ही हव्याशा आहेत का, हे मुलांनाच ठरवू द्या. फळ्याचा आणि खडूचा खर्च आमची बॅच आनंदाने करील. तसे मी मुख्याध्यापकांना कळवलेही आहे.