पिशवीतला मॅश: गोडी कमी पडते की पाणी?

घरी बिअरसाठी पिशवीत मॅश करणाऱ्यांची, म्हणजे भरडलेलं मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवणाऱ्यांची, नेहमीची तक्रार: रेसिपीत ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जास्त तेवढी ती जास्त) १.०५७ लिहिलीय आणि हातात येते १.०५०. मग पुढच्या वेळी अर्धा किलो मॉल्ट जास्त घातला जातो. आकडा जमतो, पण साखर कुठे गेली ते कळत नाही. ती जायला दोनच वाटा आहेत. एकतर दाण्यातला स्टार्च साखरेत उतरलेलाच नसतो, नाहीतर उतरलेली साखर चोथ्यात अडकून पिशवीबरोबर बाहेर जाते.

सगळं पाणी एकदमच घेऊन मॅश केला, तर या दोन वाटा वेगळ्या ओळखता येतात. पिशवी उचलल्यावर पातेल्यातली ग्रॅव्हिटी बदलत नाही, फक्त वर्ट (दाण्यातून उतरलेलं गोड पाणी) कमी होतो. म्हणजे ग्रॅव्हिटी कमी आली तर चूक मॅशमध्ये. ग्रॅव्हिटी बरोबर पण लिटर कमी, तर चूक निथळण्यात.

हे पाहायला आधी जास्तीत जास्त किती मिळू शकतं ते काढावं लागतं. पेल मॉल्ट ५ किलो घेऊ. त्यात साधारण ४ टक्के ओल आणि कोरड्या वजनाच्या ८० टक्के अर्क (पाण्यात उतरू शकणारा, मुख्यतः साखरेचा भाग) धरला, तर ५ × ०.९६ × ०.८० = ३.८४ किलो अर्क. आता पाणी. फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) २० लिटर हवं, तळाच्या गाळात १ लिटर जाणार, तासाभराच्या उकळीत ३.५ लिटर उडणार आणि पिळलेला चोथा किलोमागे ०.६ लिटर, म्हणजे ३ लिटर धरून ठेवणार. एकूण २७.५ लिटर. ३.८४ भागिले (३.८४ + २७.५) म्हणजे १२.२५ टक्के साखर, ग्रॅव्हिटी १.०४९. पिशवी उचलायच्या आधी नीट ढवळून मोजलेला आकडा १.०४९ असेल, तर दाण्यात होतं ते सगळं उतरलंय. १.०४३ असेल तर सुमारे ८६ टक्केच उतरलंय, आणि मग कितीही पिळा, उरलेलं मिळणार नाही. (मॉल्ट आणि पाणी मिळून ३१ लिटर जागा लागते, म्हणून पातेलं ४० लिटरचं. पुण्यात तुळशीबागेत मोठ्या भांड्यांच्या दुकानांत मिळतं.)

पण आधी मोजमाप तपासा. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती नळी) बहुतेक २० अंशांला बेतलेला असतो. एप्रिलमध्ये नमुना खोलीच्या तापमानाला आणला तरी तो ३० अंशांवर असतो, आणि तिथे हायड्रोमीटर अडीच पॉइंट (०.००२५) कमी दाखवतो. एवढ्यानेच एफिशियन्सी (दाण्यातल्या अर्कापैकी उकळीला मिळालेला हिस्सा) चार टक्के पडल्यासारखी वाटते. नमुना झाकणाच्या बाटलीत भरून गार पाण्यात बुडवा, मगच मोजा. थर्मामीटरचंही तसंच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळत्या पाण्यात थर्मामीटर धरून तो १०० वर आणून ठेवलात, तर कायमचा दोन अंश जास्त सांगेल. बर्फाच्या चुऱ्यात शून्याला तपासा, ते कुठेही बरोबरच येतं.

आता मुख्य गोष्ट: भरड. ग्रॅव्हिटी कमी येण्याचं कारण दहापैकी आठ वेळा इथे सापडेल असं माझं ठाम मत आहे. दळलेलं मॉल्ट रव्याच्या चाळणीतून चाळा आणि वर राहिलेलं तळहातावर पसरून बघा. टरफलात अख्खा पांढरा दाणा बसलेला दिसला, तर त्याच्या मध्यापर्यंत पाणी तासाभरात पोचत नाही. राजस्थान-हरियाणात सहा-ओळींचं जव मोठ्या प्रमाणावर पिकतं. त्याच्या कणसात मधला दाणा टपोरा आणि बाजूचे दोन बारीक, किंचित पिळलेले. टपोऱ्या दाण्याच्या मापाने दळायच्या यंत्राचे रोलर लावले, तर बारीक दाणे न फुटता खाली पडतात. पिशवीच्या पद्धतीत टरफलांच्या थरातून वर्ट गाळायचा नसतो, त्यामुळे बारीक दळायची भीती नको. रोलरमधली फट ०.९ मिलिमीटर ठेवा. गॅरेजवाले व्हॉल्व्ह लावायला वापरतात ती फट मोजायची फीलर गेज इथे उत्तम. किंवा रुंद फटीतून एकदा, अरुंद फटीतून पुन्हा, असं दोनदा दळा.

दळायच्या पंधरा मिनिटं आधी ५ किलो मॉल्टवर १०० मिली पाण्याचा हबका मारून हाताने वरखाली करा. टरफल चिवट होतं आणि फाटून पीठ होण्याऐवजी सालासारखं सुटतं. रोलर नसेल तर गिरणीत लापशीच्या रव्यासारखं भरडून घ्या, पण गिरणीसाठी मॉल्ट कोरडंच न्या. ओल्या दाण्याने जात्याच्या दगडाच्या खाचा भरतात. मिक्सर शेवटचा पर्याय. तो अर्ध्याचं पीठ करतो आणि अर्धं अख्खं सोडतो, म्हणून २०० ग्रॅमच्या घाण्यात तीन-चार झटके द्या आणि चाळून वरचं पुन्हा फिरवा.

मॉल्ट पाण्यात घालताना पिठल्यात पीठ पेरतात तसं पेरा. एकाने पेरायचं, दुसऱ्याने ढवळायचं. एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि बाहेरून चिकट झालेल्या गुठळीत आतलं पीठ शेवटपर्यंत कोरडं राहतं. तापमान ६६ अंशांवर ठेवून दर पंधरा मिनिटांनी तळापासून ढवळा. डिसेंबरच्या रात्री पातेल्याभोवती गोधडी गुंडाळा, गॅस बंद असतानाच. मध्ये गरम करायचं असेल तर तळाला स्टीलची जाळी हवी, नाहीतर पिशवी वितळून तळाला चिकटते. साठ मिनिटांनी ग्रॅव्हिटी मोजा, नव्वदला पुन्हा मोजा. आकडा अजून चढत असेल, तर तुमच्या भरडीला तासभर पुरत नाही.

मॅशचा पीएच (आम्लतेचं माप) ५.२ ते ५.६ मध्ये हवा, तोही गार केलेल्या नमुन्यात. किलोमागे साडेपाच लिटर पाणी म्हणजे मॅश पातळ, त्यामुळे पाण्याचा जडपणा इथे जास्त जाणवतो. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात फारशी अडचण येत नाही, पण उपनगरांतल्या बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्यात फिकट मॉल्टचा पीएच सहज वर राहतो. सौम्य पाण्यात २७.५ लिटरला ३ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घातलं की कॅल्शियम पन्नास पीपीएमच्या पुढे जातं. तरी पीएच चढा असेल तर ८८ टक्के लॅक्टिक आम्ल २ मिली घाला, ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. कागदाच्या पट्ट्यांवर विसंबू नका. मीटर ४.०० आणि ६.८६ च्या बफरला (ठरलेल्या पीएचच्या द्रावणांना) लावून घेतलेला असावा.

ग्रॅव्हिटी जमली की उरतं निथळणं. पिशवीला पडद्याचं बारीक जाळीचं पॉलिएस्टर कापड घ्या. मलमलीची छिद्रं पिठाने बुजतात आणि वर्ट आतच राहतो. श्रीखंडाचा चक्का टांगतात तशी पिशवी हुकाला टांगा, वीस मिनिटं ठेवा, मग रबरी मोजे घालून पीळ देत आवळा. पिळल्याने बिअर तुरट होते हा समज चुकीचा आहे. तुरटपणा येतो तो चढ्या पीएचमध्ये टरफलं गरम राहिल्याने. नुसती उचलून बाजूला ठेवलेली पिशवी किलोमागे लिटरभर धरते. तेव्हा उकळीला २२.५ लिटर उरतात आणि एफिशियन्सी ७४ टक्के येते. पिळल्यावर २४.५ लिटर, ८१ टक्के.

आणखी हवं असेल तर ६ लिटर पाणी बाजूला काढून मॅश २१.५ लिटरमध्ये करा. पिळलेली पिशवी दुसऱ्या भांड्यात ७५ अंशांच्या त्या ६ लिटरमध्ये सोडा, दहा मिनिटं ढवळा, पुन्हा पिळा आणि ते पाणी पातेल्यात मिसळा. हिशेबाने ८१ चे ८९ टक्के होतात. मात्र बोअरचं पाणी असेल तर या ६ लिटरमध्येही आधी आम्ल घाला. साखर कमी झाली की चोथ्याची पीएच आवरून धरायची ताकदही कमी होते, आणि तुरटपणा नेमका इथेच शिरतो.

८ किलोच्या दणकट बिअरला हा धुवा घ्याच. उकळीला तेवढाच वर्ट हवा असेल, तर चोथाच ४.८ लिटर धरतो, आणि स्टार्च पूर्ण उतरूनही बुडवल्याशिवाय एफिशियन्सी ७४ च्या पुढे जात नाही. त्यात भरडीचा दोष नसतो. धुवा घेणार नसाल तर मॉल्ट मोजतानाच ७४ धरा.

एक कायद्याची बाब. यीस्ट घालेपर्यंत हे नुसतं जवाचं गोड पाणी असतं. पुढे बिअर बनवायला महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, ते आधी पाहून घ्या.