पांगाँगच्या आकाशातले दोन दिवे

2025च्या जानेवारीत, रात्री आठच्या सुमारास मावसभावाचा फोन. "दादा, गच्चीवर ये. ड्रोन सोडलाय कुणीतरी. मघापासून एकाच जागी उभाय, आवाज नाही की काही नाही."

"पश्चिमेला ना? लुकलुकत नाही ना? मग शेजारच्यांच्या टाकीच्या कडेला धरून बघ, किती वेळात टाकीआड जातो ते."

दहा मिनिटांनी परत फोन. "गेला रे." शुक्र होता. तो ओशाळला, म्हणून त्याला लडाखची गोष्ट सांगितली. ती मला आकाशदर्शनाच्या प्रत्येक कार्यक्रमात सांगावीशी वाटते.

2012 साली पांगाँग सरोवराच्या परिसरात आपल्या जवानांना चीनच्या बाजूने पिवळट गोळे वर येताना दिसायला लागले. एक संध्याकाळी सहाच्या आसपास, दुसरा पहाटे चारच्या. तासन्‌तास आकाशात, मग गायब. हेरगिरीची ड्रोन असावीत, असा संशय आला. ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात तब्बल 329 नोंदी झाल्या. लष्कराने फिरतं रडार आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (रेडिओलहरी टिपणारं यंत्र) डोंगरावर नेले. डोळ्यांना लख्ख दिसणारी वस्तू रडारवर मात्र येईना! सीमेवर रात्र काढणाऱ्या माणसाला त्या वेळी काय वाटलं असेल, याचा मी फार विचार करतो.

शेवटी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सला विचारलं गेलं. उत्तर निघालं: संध्याकाळचा गुरू, पहाटेचा शुक्र.

ताडून पाहिलं तर सगळं जुळतं. गुरू 3 डिसेंबर 2012ला सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला होता, म्हणजे सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवणार. आणि तिथे पूर्वेला चीन. त्या दिवसांत तो आपल्यापासून 60 कोटी किलोमीटरवर होता. रडारची लहर तिथवर पोचून परत यायलाच तासाहून जास्त वेळ लागेल, मग पडद्यावर काय उमटणार? त्यात चार हजार मीटरच्या वरची विरळ, कोरडी हवा. आपल्याकडे क्षितिजालगत धूळ नि धुरकं ग्रहाचं तेज खाऊन टाकतं. तिथे तो डोंगराच्या कडेवरून एकदम पेटल्यासारखा वर येतो. काळ्याकुट्ट आभाळात एकट्या ठिपक्याकडे टक लावून पाहिलं की तो हलतोय असंही वाटतं. डोळ्यांचाच तो खेळ.

या बातमीवर तेव्हा लोक जवानांना हसले. मला अजून राग येतो. हातात तारकानकाशा नाही, समोर सीमा, हाडं गोठवणारी थंडी, तरी त्यांनी वेळ आणि दिशा लिहून ठेवली. अशा नोंदींशिवाय खगोलशास्त्रज्ञ तरी कशाशी ताळा जमवणार होते?

मावसभावाला एकच काम दिलं: ग्रह रोज ठरावीक जागी किती वाजता येतो ते लिहायचं. उगवता तारा रोज साधारण 4 मिनिटं लवकर त्याच जागी येतो, गुरूसारख्या ग्रहाचंही तसंच, थोडा फरक. ड्रोन असा वेळ पाळत नाही. त्याने गच्चीच्या कठड्यावर खडूने खूण केली आहे आणि त्याच्या वहीत आता गुरूच्या अकरा रात्रींच्या नोंदी आहेत.