१५ ऑगस्टनंतरचा बँड

जुलैत आमच्या बँड पथकात शिरायला झुंबड उडते. "बाई, माका बिगूल होयो," म्हणत सातवीतली पोरं वाटेत आडवी येतात. पांढरे मोजे, कडक इस्त्रीचा गणवेश, ध्वजवंदनाला गाव जमलेला! आणि १६ ऑगस्टपासून एकेकाचं पोट दुखायला लागतं. पुढचा मोठा कार्यक्रम थेट २६ जानेवारीचा. तोवर वाजवायचं कोणासाठी?

शाळा देवगड तालुक्यातली. मी विज्ञान शिकवते. पीटीचे सर बदलून गेले आणि पथक माझ्या गळ्यात पडलं, ते पडलंच. शिस्त, दंड, हजेरीचे गुण हे सगळे उपाय लोक सुचवतात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. कोण गळतं ते बघावं. बेस ड्रमवाला कधीच गळत नाही. गळतात ट्रँगलवाले आणि झांजवाले, ज्यांच्या वाट्याला तासभर उभं राहून चार ठोके येतात. म्हणून आमच्याकडे दर सरावात वाद्यं फिरतात. बेस ड्रम मुलींकडेही जातो. "जड आहे हो तो," असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच. त्याच मुली घरी भरलेल्या कळश्या वाहतात, तेव्हा कोणी काही बोलत नाही.

बिगुलवाल्यांचं दुखणं वेगळं. बिगुलाला बटणं नाहीत, ओठ आवळून-सैल करून जे निघेल तेच. नवी पोरं गाल फुगवून फुंकतात आणि नुसती हवा येते. त्यांना आधी सुटं तोंडाकडचं टोक देते. त्यावर ओठांचा फुर्रर्र जमला की मग बिगूल. निघतात ते सूर जेमतेम पाच: सा, प, वरचा सा, ग, प. हे पाचच का, ते मी पेटी आणून दाखवते. नळी तीच, त्यामुळे कंपनं २, ३, ४, ५, ६ अशाच पटीत होणार. आवाजाचा धडा फळ्यावर शिकवताना जांभया देणारी मुलं इथे पेटीवर सूर जुळवत बसतात.

गणपतीच्या सुट्टीनंतरचा आठवडा मात्र माझा सगळ्यात लाडका. रात्र रात्र भजनं करून आलेली पोरं. हात नुसते शिवशिवत असतात. तेव्हा मी मार्चचं नाव काढत नाही. घरी जे वाजवलंत ते साईड ड्रमवर वाजवा, म्हणते. भजनी ठेका ८ मात्रांचा, म्हणजे आठ पावलांत बरोब्बर बसतो, आणि सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, दर वेळी डाव्या पायावर. "ह्यां तर आमच्या भजनातलांच!" म्हणत मागची रांगही सरसावते. गेल्या वर्षी एका पखवाजवाल्याने शहाणपणा करून ७ मात्रांचा रूपक धरला. पहिली सम डाव्या पायावर, दुसरी उजव्यावर. बेस ड्रमवाली समेला धरून वाजवत होती, तिच्या मागची रांग एकमेकांच्या टाचांवर. कोणीही न सांगता पोरांनी बोटांवर मात्रा मोजून चूक शोधली. त्या दिवशी सराव संपवायला मला ओरडावं लागलं, कारण शेवटची एसटी कोणासाठी थांबत नाही.

पावसाळ्यात वाद्यांचेही हाल. ड्रमची पानं आता प्लॅस्टिकची, चामड्यासारखी ओलीने सैल पडत नाहीत. पण साईड ड्रमखालच्या तारा गंजतात आणि पितळी बिगुलांवर खाऱ्या हवेने हिरवं चढतं. शनिवारी मुलं घरून कोकमं आणतात आणि घासायला बसतात. ज्याने घासला, सोमवारी तो बिगूल पहिल्यांदा त्याचा. या एका नियमावर गैरहजेरी सगळ्यात कमी झाली.

दिवाळीनंतर नववीची मुलं सातवीवाल्यांना शिकवू लागतात, कारण दहावीत गेल्यावर घरचे पथक सोडायला लावतात. यंदा नववीतल्या तिघांनी आपापला वारस आधीच हेरून ठेवलाय. त्यातला एक डावखुरा आहे. साईड ड्रमचा पट्टा त्याच्यासाठी उलटा कसा बांधायचा, यावर सध्या वाद चालू आहे.