बुकिंग नसलेल्यांचं घड्याळ

सुट्ट्यांच्या ऐन हंगामात कुठलंही बुकिंग न करता मोटरहोम, म्हणजे आतच राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन निघणाऱ्याचा काहींना हेवा वाटतो, काहींना तो बेजबाबदार वाटतो. याच्यावर कसलंच बंधन नाही, एवढं मात्र दोघंही गृहीत धरून चालतात. प्रत्यक्षात बुकिंगवाल्याची जागा ठरलेली असते, त्यामुळे वेळ त्याच्या हातात असतो. तो वाटेत रेंगाळला, रात्री नऊला पोचला तरी त्याची जागा कुठे जात नाही. ज्याने जागा ठरवलेली नाही, त्याला वेळ पाळावी लागते. दुपारी एकच्या सुमाराला त्याची गाडी रात्रीच्या मुक्कामाला लागलेली असायला हवी. चार वाजता तो अजून रस्त्यावर असेल, तर निवड करण्याचा हक्क त्याने जवळजवळ घालवलेला असतो.

एकच का? तर बहुतेक कॅम्पसाइट, म्हणजे अशा गाड्या आणि तंबू लावायच्या जागा, सकाळी अकरा-बाराला जागा रिकाम्या करायला लावतात. जाणारे गेले की खिडकीमागे बसलेल्या माणसाला आज नक्की किती जागा उरल्या ते कळतं. पुढचे दोन तास बिनबुकिंगवाल्यांचे. तीननंतर लांबून आलेल्या थकलेल्या कुटुंबांची रांग लागते आणि ‘जागा नाही’ची पाटी बाहेर येते. म्हणून गर्दीच्या दिवसांत दिवसाचा प्रवास दीडशे-दोनशे किलोमीटरच्या वर नेऊ नये आणि सकाळी नऊला इंजिन सुरू करावं. सुट्टीत एवढ्या लवकर कोण उठतं, असं म्हणणाऱ्याने सरळ बुकिंग करावं. त्यात कमीपणा काही नाही.

आठवड्यालाही असाच एक चढउतार असतो. शुक्रवार-शनिवार सगळं तुडुंब भरतं. रविवारी दुपारी निम्मी गर्दी घरी परतते आणि तिथून गुरुवार सकाळपर्यंत हालचालीला वाव असतो. शहाणा माणूस सोमवार-मंगळवारी फिरतो, बुधवारी किंवा फार तर गुरुवारी सकाळी चांगली जागा पकडतो आणि शनिवार-रविवार तिथून हलत नाही. शुक्रवारी संध्याकाळी समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याला लागायचं आणि मग जागा नाही म्हणून वैतागायचं, याला काही अर्थ नाही.

‘सगळं फुल आहे’ हे वाक्यही जरा तपासून घ्यावं. संगणकावर बुकिंग घेणाऱ्या जागा हंगामात किमान दोन किंवा तीन रात्रींची अट घालतात. त्यामुळे दोन बुकिंगांच्या मध्ये एखादी रात्र सुटी पडते. ती संकेतस्थळावर विकली जात नाही, तिथे नुसतं ‘उपलब्ध नाही’ दिसतं. फोनवर मात्र ती मिळते, फक्त प्रश्न नेमका हवा. ‘जागा आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी विचारावं, ‘फक्त आजची रात्र हवी आहे. उद्यापासून कुणाची तरी असलेली, पण आज मोकळी अशी जागा आहे का? विजेची जोडणी नसली तरी चालेल.’ वीज नको म्हटल्यावर मागची गवताची पट्टी, तंबूंचा कोपरा, जादा गाड्यांचं मैदान अशा जागा अचानक मोजणीत येतात. सोबत गाडीची लांबी सांगावी आणि ती खरी सांगावी, म्हणजे मागे लावलेला सायकलींचा स्टँड धरून. सहा मीटर सांगून सात मीटरची गाडी आत आणली, की दारावरच्या माणसाचा चेहरा पडतो आणि पुढच्या बिनबुकिंगवाल्याचीही पंचाईत होते.

फोन सकाळी नऊ-साडेनऊला करावा. रात्री रद्द झालेली आणि न आलेल्या पाहुण्यांची बुकिंगं तोवर कॅम्पसाइटवाल्यांसमोर आलेली असतात. तीन ठिकाणं मनात ठेवावीत. पहिलं आवडीचं. दुसरं त्याच्यापासून तीस-चाळीस किलोमीटर आत, तळं किंवा किनारा नसलेल्या बाजूला. गर्दी पाण्याला चिकटते आणि थोडं आत सरकलं की तिचा जोर ओसरतो. तिसरं ठिकाण सुंदर नसलं तरी चालेल, पण तिथे रात्री गाडी लावायला परवानगी आहे याची आधीच खात्री केलेली असावी. खरा आधार तिसऱ्याचाच. ते पक्कं असलं की पहिल्या दोन ठिकाणी नकार ऐकूनही गाडीतल्या माणसांची एकमेकांशी भांडणं होत नाहीत.

या तिसऱ्या ठिकाणचे नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत चालकाला पुन्हा नीट गाडी चालवता यावी एवढ्यासाठी वाटेत एक रात्र झोपून काढणं चालतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांमध्ये बऱ्याच भागांत एका जागी सलग १४ दिवस राहता येतं. न्यूझीलंडने २०२३ मध्ये कायदा करून ‘स्वयंपूर्ण’ म्हणजे पाण्या-मैल्याची सोय आतच असलेली म्हणवणाऱ्या गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय सक्तीचं केलं. ‘गाडी उभी करणं’ आणि ‘तळ ठोकणं’ यांतला भेद मात्र जवळजवळ सगळीकडे पाळला जातो. आत झोपलात तर गाडी उभी आहे. बाहेर खुर्ची मांडली, बाजूचं कापडी छत उघडलं, चाकाखाली ठोकळे घातले, की तळ ठोकला. दंडाची पावती बहुधा या खुर्चीपायीच फाटते. उशिरा यावं, सकाळी लवकर निघावं आणि सांडपाण्याचा एक थेंबही जमिनीवर सोडू नये.

जागा मिळाली की पुढचा प्रश्न येतो, तिथे किती दिवस निघतील? नवखा माणूस पिण्याच्या पाण्याची चिंता करतो. ती रास्त आहे, पण अपुरी आहे. मध्यम आकाराच्या मोटरहोममध्ये साधारण १०० लिटर पाणी मावतं. काटकसरीने माणशी दिवसाला पंधरा-वीस लिटर धरले, तर दोघांना अडीच-तीन दिवस पुरतं. सगळ्यांत जास्त पाणी अंघोळीत जातं. अंग भिजवा, नळ बंद करा, साबण लावा, मग धुवा, असं केलं तर सात-आठ लिटरमध्ये भागतं. नळ चालू ठेवून उभं राहिलं तर तेवढंच पाणी दीड मिनिटात खाली जातं. शिवाय पाणी कॅनमधून आणून भरता येतं. भरलेली मैल्याची टाकी मात्र कॅनने रिकामी करता येत नाही. मुक्काम संपवते ती हीच.

शौचालयाखालच्या, बाहेर काढता येणाऱ्या छोट्या टाकीत, म्हणजे कॅसेटमध्ये, सतरा ते वीस लिटर मावतात, म्हणजे दोन माणसांचे दोन-तीन दिवस. दिवसा बाहेर असताना जिथे सोय असेल तिथे ती वापरली तर एक दिवस वाढतो, आणि हा वाढीव दिवसच अनेकदा शनिवार-रविवार तारून नेतो. मोठ्या गाड्यांमध्ये खाली पक्की टाकी असते आणि तिथे वेगळीच चूक होते. वीज-पाणी-मलवाहिनी जोडलेल्या जागी लोक टाकीची झडप सतत उघडी ठेवतात. पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग मागे राहून त्याचा ढीग होतो, सुकतो आणि मग काही केल्या हलत नाही. झडप बंद ठेवावी, टाकी दोन तृतीयांश भरू द्यावी आणि मग एकदम सोडावी. पाण्याच्या लोंढ्यासोबत सगळं जातं. टाकी भरल्याचं दाखवणाऱ्या दिव्यांवर विसंबू नये. आतल्या संवेदकाला कागदाचा तुकडा चिकटला, तर रिकामी टाकीही आठवडाभर भरलेली दिसते.

विजेचा हिशेब कोरडा आहे, पण चुकवून चालत नाही. १०० अँपिअर-तासांची साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हातात पन्नासच. कॉम्प्रेसरवर चालणारा बारा व्होल्टचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास खातो. म्हणजे दिवे आणि फोन धरायच्या आतच एका दिवसाचा कोटा संपला. त्याच आकाराची लिथियम बॅटरी ऐंशी-नव्वद देते. छपरावरचं २०० वॅटचं सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाकाठी साठच्या आसपास अँपिअर-तास भरतं, पण त्यासाठी गाडी उन्हात लावावी लागते, आणि माणसांना तर सावली हवी असते. लांब वायरचं सुटं पॅनेल हा यावरचा मधला मार्ग.

छपरावरच्या एसीचं नाव बॅटरीपुढे काढूच नये. तो १२०० वॅट घेत असेल, तर बारा व्होल्टवर ते १०० अँपिअर झाले, म्हणजे एका तासात एक अख्खी बॅटरी. तापलेल्या रात्रीवर डोंगरात उंचावर जाणं हा जास्त खात्रीचा उपाय आहे. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. डोंगरातली बिनसोयीची जागा दरीतल्या वीजवाल्या जागेपेक्षा सुखाची झोप देते. जनरेटर आहे म्हणून तो रात्री दहानंतर चालवू नये, आणि खिडकीखाली तर कधीच नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म गाडीत असावा आणि त्याची मुदत संपलेली नसावी. इंजिनाच्याच टाकीतून इंधन घेणारे जनरेटर टाकी पावच्या आसपास आली की आपोआप थांबतात, म्हणून हंगामात काटा निम्म्यावर आला की भरून घ्यावं. पंपांवरही रांगा असतातच.

एकची वेळ चुकलीच आणि अंधारात पोचायची पाळी आली, तर गाडी बाहेर थांबवून जागा आधी पायी चालून यावी. टॉर्च जमिनीवर मारावा तसा वरही मारावा. खालच्या खड्ड्यांपेक्षा वरच्या फांद्या जास्त नुकसान करतात. एसी आणि अँटेना धरून गाडीची उंची लिहिलेली चिठ्ठी चालकासमोर चिकटवलेली हवी. गवत ओलं असेल तर ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो ती कडक जमिनीवर ठेवावीत आणि तोंड बाहेरच्या दिशेला. पुढच्या चाकांवर ओढली जाणारी जड गाडी सकाळी दवात अडकली, तर तिथून ती ट्रॅक्टरच काढतो. उतार थोडा चालतो, फार नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला तीन अंशांपेक्षा जास्त कलणं सोसत नाही. त्यातल्या अमोनियाचं वाहणं मंदावतं आणि आतलं सगळं कोमट होतं. चार मीटर लांबीच्या चाकांतरावर तीन अंश म्हणजे जेमतेम वीस सेंटिमीटर, डोळ्यांना सहज चकवतील इतके.

टाक्या रिकाम्या करायला रविवारी सकाळी अकराला जाऊ नये, तेव्हा सगळेच जातात. शनिवारी संध्याकाळी तिथे शुकशुकाट असतो. रांगेत अडकलातच, तर वेळ मात्र फुकट जाणार नाही. त्या रांगेतली प्रत्येक गाडी आज सकाळी कुठली तरी जागा रिकामी करून आलेली आहे. मागच्या-पुढच्यांना नुसतं विचारावं, ‘तुम्ही कुठून निघालात?’ ती जागा किती लांब आहे, तिथे सपाट जमीन कुठल्या बाजूला आहे, पहाटे ऊन कुठून येतं, कुठलं वळण अरुंद आहे, सगळं कळतं. दहा वाजता मोकळी झालेली जागा बारापर्यंत कुणी घेतली नसेल, तर ती नकाशावर दिसण्याआधी तुम्ही तिथे पोचलेले असता.