नावातच ‘नको’ होतं

आमच्या ऑफिसातली अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंचा आपला कागदी संघ बांधायचा आणि ते सामन्यात जे करतील त्याचे गुण आपल्याला) जरा वाकड्या वाटेने जाणारी आहे. बहुतेक ठिकाणी एखाद्या संघाचा अख्खा डिफेन्स, म्हणजे समोरच्यांना अडवणारी फळी, एकगठ्ठा घेतात आणि विसरून जातात. आमच्याकडे डिफेन्सचे खेळाडूही एकेक करून निवडायचे, आणि एकदा घेतला की पुढच्या वर्षीही तो तुमचाच. एकट्याने केलेल्या टॅकलला, म्हणजे चेंडूवाल्याला पाडण्याला, दोन गुण, दोघांनी मिळून केलेल्याला एक, सॅकला (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास टाकायच्या आतच पाडणं) चार, इंटरसेप्शनला (समोरच्याचा पास मध्येच झेलणं) पाच. कॉलेजातून नुकत्याच एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, आलेल्या रूकींचा वेगळा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने निवड, मे महिन्यात होतो.

मी यात पडलो २०२२ साली. न्यू जर्सीत येऊन तीन वर्षं झाली होती आणि खेळ आपल्याला कळतो असं वाटायला लागलं होतं.

त्या जानेवारीत जॉर्जिया विद्यापीठ राष्ट्रीय विजेतं ठरलं आणि त्यांच्या डिफेन्सचा मेंदू होता नकोबी डीन. कॉलेजातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला (डिफेन्सच्या मधल्या फळीतला खेळाडू) मिळणारा बटकस पुरस्कार त्यालाच मिळालेला. मी त्याचे व्हिडिओ रात्र रात्र बघितले. मग एप्रिलमध्ये खऱ्या ड्राफ्टमध्ये तो घसरत घसरत तिसऱ्या फेरीत ८३ व्या क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. दुखापतीची कुजबुज होती. बहुतेक संघांनी त्याला दोन-दोनदा सोडून दुसऱ्याला घेतलं होतं. यावर माझा निष्कर्ष काय, तर बत्तीस संघ मूर्ख आणि मी एकटा शहाणा. मे महिन्यात मी त्याला उचलला. नावातच ‘नको’ आहे, हे निदान मराठी माणसाला तरी कळायला हवं होतं.

सप्टेंबरपासून दर रविवारी ॲप उघडायचो आणि डीनच्या नावापुढे बहुतेक वेळा भोपळाच बघायचो. जखमी नव्हता, मैदानावरही यायचा, पण पंट नाहीतर किकऑफ, म्हणजे चेंडू लाथेने मारायचा असेल तेव्हा. डिफेन्स उभा राहिला की हा बाजूला. कारण साधं होतं. ईगल्सकडे टी. जे. एडवर्ड्स आणि कायझिर व्हाइट हे दोन लाइनबॅकर ठाण मांडून बसले होते. एडवर्ड्सला तर २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं, आणि त्या मोसमात त्याने १५९ टॅकल केले. माझ्या बटकसवाल्याचे तेरा.

बाबा जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं होते. रविवारी रात्री माझा फोन जातो तेव्हा तिकडे सोमवारची सकाळ असते. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नाही, पण माझं रडगाणं ऐकून म्हणाले, “अरे, पोरगा हुशार असेल रे. पण जागा मंजूर आहे का? आमच्याकडे कितीतरी हुशार पोरं आवक-जावक सांभाळत बसली, कारण वरचा रिटायर होईना.”

तेव्हा हसलो. मोसम संपल्यावर मात्र आकडे घेऊन बसलो. मी ज्याला सोडून डीन घेतला होता, तो ह्यूस्टन टेक्सन्सचा सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागे उभा राहणारा) जेलन पिट्री, १४७ टॅकल आणि पाच इंटरसेप्शन घेऊन बसला होता. टेक्सन्सने अख्ख्या वर्षात तीन सामने जिंकले. पण त्याच्या पथ्यावर पडलं ते हेच. ऑफेन्सला, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या फळीला, तो टिकवता येत नाही, म्हणून डिफेन्स सतत मैदानात. पुढची फळी गळकी, म्हणून धावणारा थेट सेफ्टीपर्यंत येतो. मग टॅकल करणार कोण?

उलट उदाहरण सॉस गार्डनरचं. इथून जवळच खेळणाऱ्या जेट्सचा तेव्हाचा हा कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला कडेला अडवणारा) २०२२ चा सर्वोत्तम बचावपटू रूकी ठरला, आणि आमच्या लीगमध्ये ज्याने त्याला मोठ्या हौसेने घेतलं तो वर्षभर हळहळत राहिला. गार्डनर इतका चांगला की क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू टाकायलाच धजावत नव्हते. इंटरसेप्शन दोन. गुण हवे असतील तर जरा कच्चा कॉर्नरबॅक बरा. त्याच्यावर सगळे तुटून पडतात, झेल जातात आणि मग तोच टॅकल करतो. हे गणित पचायला मला वेळ लागला.

मग २०२३ ला मी उलटा निघालो. आधी रूकी बघितलेच नाहीत. मार्चमध्ये कोण कुठून गेलं तेवढं वहीत लिहिलं. मिनेसोटा वायकिंग्जने त्यांचा लाइनबॅकर एरिक केंड्रिक्सला सोडलं, ईगल्सचा एडवर्ड्स शिकागोला गेला. पुढचा प्रश्न, त्या संघात तिन्ही डाउन (चेंडू पुढे न्यायचा एकेक प्रयत्न म्हणजे डाउन) मैदानात राहणारे लाइनबॅकर किती? हल्ली समोरचा पास टाकणार असं दिसलं की लाइनबॅकर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे पास अडवणारा, आणतात. म्हणजे तिसऱ्या लाइनबॅकरचं पान पंगतीत मांडलेलंच नसतं, दुसऱ्याचंही कधी कधी उचलतात.

ऑगस्टमध्ये सराव सामने सुरू झाले. डिफेन्समधल्या एकाच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, कोचचा निरोप त्याच्याकडे येतो आणि तो बाकीच्यांना सांगतो. २००८ पासूनची ही सोय. त्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो, आणि ठिपकेवाला सहसा मैदान सोडत नाही. मी टीव्ही थांबवून, नाक पडद्याला लावून ठिपका शोधत होतो. बायको म्हणाली, “काय रे, टीव्हीवर मुंगी बसलीय का?” बऱ्याच रात्री असं केल्यावर लक्षात आलं की सीनियर खेळाडू टोपी घालून बाजूला उभा असेल तर रूकीच्या ठिपक्याला काही किंमत नाही. आणि एखादा रूकी त्या सीनियरांबरोबरच टोपी घालून उभा असेल, तर मात्र कोचच्या मनात काय आहे ते कळतं. न खेळणं हीच बढतीची खूण! हे मला कुठल्याही व्हिडिओत दिसलं नसतं.

डेट्रॉइट लायन्सचा जॅक कॅम्पबेल, १८ व्या क्रमांकावर गेलेला आणि पुन्हा बटकसवाला, मी सोडला. तिथे आधीपासून लाइनबॅकर अँझलोन होता. कॅम्पबेलने ९५ टॅकल केले, म्हणजे माझा अंदाज फार चुकलाही नाही आणि फार बरोबरही नाही. केंड्रिक्सच्या रिकाम्या जागेवर मात्र मला सिनसिनाटी विद्यापीठातून आलेला रूकी आयव्हन पेस दिसला. उंची पाच फूट दहा इंच, ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला. फुकटात मिळाला. नोव्हेंबरात वायकिंग्जचाच दुसरा लाइनबॅकर जॉर्डन हिक्स याच्या पायाला दुखापत झाली आणि पेसची जबाबदारी आणखी वाढली. डिसेंबरात लास व्हेगासला वायकिंग्ज ३-० ने जिंकले. संपूर्ण सामन्यात टचडाउन नाही, आमच्या लीगमध्ये ज्यांनी या संघांचे ऑफेन्सचे खेळाडू घेतले होते ते डोकं धरून बसलेले, आणि शेवटी इंटरसेप्शन घेऊन सामना मिटवणारा कोण, तर माझा पेस. मोसमात १०२ टॅकल.

पेसच्या आनंदात डीनचं काय झालं ते राहिलंच. एडवर्ड्स आणि व्हाइट गेल्यावर २०२३ ला त्याला जागा मिळाली होती. पण पायाच्या दुखापतीने तो पाचच सामने खेळला, आणि मी वैतागून नोव्हेंबरात त्याला सोडून दिला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने उचलला. २०२४ ला ईगल्सकडून त्याने १२८ टॅकल केले.

बाबांना सांगितलं. म्हणाले, “म्हणजे परमनंट झाला म्हण की. आणि तू राजीनामा घेतलास त्याचा!”